शाळा सुटली, आता पुढे काय?
स्वमग्न मुला-मुलींसाठी हातांना काम देणारी कार्यशाळा

स्वमग्न मूल लहान असते तोवर घरात आशा असते. डॉक्टर आहेत, बोलायला शिकविणाऱ्या ताई आहेत, विशेष शाळा आहे. काहीतरी चालू आहे, असे आई-बापाला वाटत असते. पण मुलाला मिसरूड फुटते, मुलगी वयात येते आणि एक दिवस शाळेकडून निरोप येतो की, आता याला पुढे ठेवता येणार नाही. त्या दिवसापासून ते लेकरू घरात बसते. उठणे, जेवणे, टीव्हीपुढे बसणे, खिडकीचे गज धरून उभे राहणे आणि झोपणे. बाप कामावर जातो, आईने मात्र कामाला जाणे सोडलेले असते. रात्री दोघांच्या मनात एकच प्रश्न असतो, 'आपल्या माघारी याचे कसे होणार?'

हा लेख आम्ही या आई-बापांसाठी लिहीत आहोत. त्यांच्या शेजाऱ्यांसाठी तर अधिकच लिहीत आहोत. कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर शेजाऱ्यांच्या हातात आहे, असे आम्हांस वाटते.

दोष कुणाचा?

स्वमग्नता, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, ती जन्मापासूनची मेंदूच्या घडणीतील भिन्नता आहे. बोलणे, दुसऱ्याचा भाव ओळखणे, बदल सहन करणे या गोष्टी अशा माणसाला अवघड जातात. आवाज, उजेड, स्पर्श हे त्याला आपल्यापेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे मोठ्या वस्तीत असे कुणी नाही, असे होणे कठीणच. दिसत नसेल तर ते घरात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे असे मूल झाले की बोट आईकडे दाखविले जाते. गरोदरपणी काय खाल्ले, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे काय फेडते आहे, असे बोलणे सुरू होते. मग गंडेदोरे आणि बुवा. यात पैसा जातो आणि शिकण्याचे मोलाचे वयही जाते. शिकल्या-सवरल्या देशांतही हे घडले आहे. अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून आईच्या थंड वागणुकीवर ठपका ठेवला होता. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हा दोष शरीराच्या घडणीतला आहे, आईचा नाही, असे मांडले होते. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढील संशोधनाने त्यांचीच बाजू खरी ठरविली. तेव्हा त्या आईला आधी या आरोपातून मोकळे करा. तिच्या अंगात बळ राहिले, तरच पुढचे काम होणार आहे.

पहिला रुग्ण, पहिला धडा

१९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. लहानपणी त्याला घरापासून दूर संस्थेत ठेवले होते. आई-वडिलांनी त्याला परत आणले. तो शिकला, बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गाव त्याला ओळखत होते, सांभाळून घेत होते. ती बँक त्याच्या घराण्याची होती, हेही खरे. आपल्या घरी बँक नसते. पण गाव तर असते, वस्ती असते. फॉरेस्टने जे केले त्यातला हा भाग आपल्यालाही करता येण्यासारखा आहे.

'खूळ' हेच भांडवल

स्वमग्न हा शब्द रूढ आहे म्हणून आम्ही वापरतो. पण नीट पाहिले तर असा मुलगा स्वतःत कमी आणि एखाद्या वस्तूत जास्त मग्न असतो. कुणाला पंख्याचे फिरणे, कुणाला बसचे क्रमांक, कुणाला नकाशे, कुणाला विजेची बटणे. घरचे त्याला खूळ म्हणतात आणि ते मोडू पाहतात. चांगली कार्यशाळा तेच खूळ हाती धरते.

टेंपल ग्रँडिन यांचे उदाहरण पाहा. १९४७ साली जन्मलेल्या या अमेरिकन बाई लहानपणी जवळजवळ चार वर्षांच्या होईपर्यंत बोलल्या नाहीत. किशोरवयात नात्यातल्या एका बाईंच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी एक खोडा पाहिला. त्यात दोन्ही बाजूंनी दाब आला की बुजलेली गुरे शांत होत. आपल्यालाही असाच दाब हवा, हे ओळखून त्यांनी स्वतःसाठी लाकडाचे यंत्र बनविले. इतरांना तो वेडेपणा वाटला. विल्यम कार्लॉक नावाचे विज्ञानाचे शिक्षक मात्र म्हणाले की, हे यंत्र मनाला शांत का करते ते शोधून काढ. ते शोधण्यासाठी ती मुलगी अभ्यासाला बसली. १९८९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली, पुढे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि गुरांना न घाबरविता नेण्याची बांधकामे रचणाऱ्या तज्ज्ञ म्हणून जगभर नावाजल्या. एका शिक्षकाने एका खुळाला प्रकल्प मानले, त्याचे हे फळ.

एक काम, तीन माणसे

'अहो, हे दुसऱ्या मुलांत मिसळतच नाही,' अशी आयांची तक्रार असते. नुसते 'जा, खेळ' म्हटल्याने ते मिसळत नाही. हातात सामाईक काम असेल तर मिसळते. डॅनियल लेगॉफ या मानसशास्त्रज्ञांना हे दवाखान्यात दिसले. एरवी कुणाशी न बोलणारी दोन मुले तिथे प्लास्टिकचे लेगो ठोकळे एकमेकांना दाखवीत होती. त्यावरून त्यांनी एक पद्धत बसविली आणि २००४ साली प्रसिद्ध केली. तिघांत तीन कामे वाटायची. एक 'इंजिनिअर': चित्र त्याच्याजवळ, तो काय हवे ते सांगतो. दुसरा 'माल देणारा': सांगितलेला ठोकळा शोधून देतो. तिसरा 'बांधणारा'. काही वेळाने कामे बदलायची. तिघांपैकी एकालाही एकट्याने काम पुरे करता येत नाही, म्हणून मागणे, देणे, थांबणे आणि आपली पाळी येऊ देणे हे आपोआप घडते. ठोकळे महाग वाटत असतील तर पुठ्ठा, सुतळी, रंगीत कागद चालतो. महत्त्व कामाच्या वाटणीला आहे.

ओकलंडचे घर

मोठ्या वयाच्या मुलांसाठी आम्हांला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे. १९७४ साली एलायस काट्झ हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स लुडिन्स-काट्झ या चित्रकार यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये अपंग प्रौढांसाठी रंग आणि कागद मांडले. त्यातून 'क्रिएटिव्ह ग्रोथ' ही संस्था उभी राहिली. तिथे असे काढ, तसे काढ, असे कुणी सांगत नाही. साहित्य पुढे ठेवायचे, निवड त्याची. चित्र विकले गेले तर पैशाचा वाटा चित्र काढणाऱ्याला मिळतो.

डॅन मिलर हे तिथलेच स्वमग्न कलावंत. ते एकाच शब्दावर पुन्हा शब्द लिहितात, इतके की अक्षरांचे दाट जंगल तयार होते. घरी वही खराब केली म्हणून जो मार खाईल, असाच हा प्रकार. पण त्यांची चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि २०१७ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात लागली होती. त्याच प्रदर्शनात ज्युडिथ स्कॉट यांचेही काम होते. त्या स्वमग्न नव्हत्या; त्यांना डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हते आणि आयुष्याची ३५ वर्षे त्या संस्थांत बंदिस्त होत्या. १९८७ साली त्या ओकलंडला आल्या. जवळजवळ दोन वर्षे त्यांनी कशातच मन घातले नाही. मग एके दिवशी धागे हातात आले आणि वस्तूंभोवती धागे गुंडाळून त्या मोठमोठी शिल्पे करू लागल्या. दोन वर्षे! आपण दोन आठवड्यांत म्हणतो, 'याला काही जमत नाही.'

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. लंडनचे स्टीफन विल्टशायर एकदा हेलिकॉप्टरमधून पाहिलेले टोकियो शहर १० मीटर लांबीच्या कापडावर आठवणीने काढतात, हे २००५ साली जगाने पाहिले. पण अशी विलक्षण देणगी थोड्यांनाच असते. आपल्या मुलाकडून चमत्काराची वाट पाहू नका आणि चमत्कार नाही म्हणून त्याला कमीही लेखू नका. आठवड्यातून एक दिवस त्याला कुठेतरी जायचे आहे, तिथे कुणी त्याची वाट पाहते आहे आणि त्याने केलेली वस्तू कुणीतरी वापरते आहे, हे काही लहान नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या देशातही वाट पडली आहे. दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. तिथे लहानांच्या शाळेबरोबर मोठ्यांना काम शिकविण्याचीही सोय झाली. पण प्रत्येकाला दिल्ली गाठता येत नाही. म्हणून वस्तीतल्या वस्तीत काय करता येईल ते सांगतो.

जागा: समाजमंदिराची किंवा विहाराची खोली आठवड्यातून दोन तास रिकामी मिळाली तरी पुरे. दर वेळी तीच खोली, तोच वार, तीच वेळ. या मुलांना बदलाची भीती वाटते.

माणसे: सहा-सात मुले आणि तीन-चार ताई-दादा. निदान एकदा तरी विशेष शिक्षकाचा सल्ला घ्यावा. आईला मात्र ते दोन तास मोकळे सोडावे.

वेळापत्रक: बोलून नव्हे, चित्रांनी. भिंतीवर चार चित्रे लावा: चप्पल काढणे, काम, खाऊ, घरी जाणे. एक झाले की ते चित्र काढून ठेवायचे. पुढे काय होणार हे दिसले की धास्ती कमी होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७२ पासून चालविलेल्या टीच कार्यक्रमाने ही डोळ्यांनी शिकण्याची पद्धत रूढ केली.

शांत कोपरा: आवाज सहन झाला नाही तर जाऊन बसायला एक चटई. तिथे गेलेल्याला ओढून आणायचे नाही. 'माझ्या डोळ्यांत बघ' असा आग्रह धरायचा नाही.

प्रकल्प: आठ-दहा आठवडे चालेल असे एकच काम घ्या, ज्याचा शेवट सर्वांना दिसेल. ज्याला बसचे क्रमांक आवडतात त्याच्याकडून वस्तीतून जाणाऱ्या बसगाड्यांचा तक्ता करून घ्या आणि तो थांब्याजवळच्या दुकानात लावा. ज्याला एकसारख्या घड्या घालायला आवडतात त्याच्याकडून १४ एप्रिलच्या पताका करून घ्या. एक कागद कापील, एक खळ लावील, एक दोरीवर ओळीने चिकटवील. पताका विकत आणल्या असत्या तर पैसे दिलेच असते. तेच पैसे या मुलांना द्या, त्यांच्या हातात द्या. दया म्हणून नव्हे, मजुरी म्हणून.

आणि जयंतीच्या मिरवणुकीत लाउडस्पीकरच्या भिंती उभारणाऱ्या तरुणांना आमची विनंती आहे. ज्याने तुमच्या पताका केल्या त्याच्या दारापुढे आवाज थोडा कमी करा. तुम्हांला जो जल्लोष वाटतो, तो त्याच्या कानांत खिळ्यासारखा शिरतो.

कायद्याने काय दिले आहे?

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यात स्वमग्नता ही २१ प्रकारांपैकी एक आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आहेत आणि सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून आहे. यासाठी प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड हवे.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ यातील निरामय योजनेखाली वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल कायद्याने सज्ञान होते आणि आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. पालकाची गरज असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. 'आमच्या माघारी काय' याची तजवीज आपण हयात असतानाच करायची असते, ती अशी.

वाचकहो, २ एप्रिल हा दिवस २००८ पासून जगभर स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतील. आपण त्याआधी एवढेच करू: आपल्या चाळीत, आपल्या आळीत जे दार नेहमी लोटलेले असते ते वाजवू. चौकशीसाठी नको, सल्ला द्यायलाही नको. 'वहिनी, रविवारी दोन तास याला आमच्याकडे पाठवा, थोडे काम आहे,' एवढे म्हणण्यासाठी.