ओसरीवरच्या काचपेटीत गोगलगायीची पिल्ले

द्राक्षपट्ट्यातल्या एका बागायतदाराच्या ओसरीवर माशांची दोन फुटी काचपेटी आहे. मुलांच्या हट्टापायी त्यांनी पिवळ्या गोगलगायी विकत आणल्या. काही दिवसांनी पाण्याच्या वर, काचेला फिकट गुलाबी अंड्यांचा घोस चिकटला. तीन आठवड्यांत मोहरीएवढी शे-दीडशे पिल्ले पाण्यात उतरली. घरदार खूष! चार दिवसांनी पाहावे तर एकही जिवंत नाही. मासे मात्र मजेत.

"पाणी आमच्याच विहिरीचं, मग विष आलं कुठनं?" मालकांचा सवाल.

विष बादलीतून आले होते. पेटीतले पाणी बदलायला घेतलेली बादली बोर्डो कालवायची. बोर्डोत मोरचूद असतो आणि मोरचुदात तांबे. केवड्याला ते जसे मारक तसेच गोगलगायीलाही. जनावरांना यकृतातला पर्णकृमी देणाऱ्या गोगलगायी मारायला पूर्वी डबक्यांत मोरचूदच टाकत. माशाला जे तांबे सोसते, ते पिल्लाला सोसत नाही. बादली दोनदा विसळली म्हणून भागत नाही. पेटीसाठी वेगळीच ठेवावी. तांब्याच्या हंड्यातले पाणीही नको. माशांच्या काही औषधांत तांबे असते, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

बाकीचे सोपे आहे. नळाचे पाणी क्लोरीनचे असते, ते दिवसभर उघडे ठेवून वापरावे. पाणी ओढणाऱ्या फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधावा, नाहीतर पिल्ले आत खेचली जातात. लहान पिल्ले गोल्डफिशही गिळतो, म्हणून त्यांना महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवलेले बरे. दुधी किंवा पालक स्वच्छ धुऊन, उकडून, चिमूटभर द्यावा आणि उरलेला संध्याकाळी काढून टाकावा. माया जास्त झाली की पाणी नासते, हे आमच्याकडे पटवून देणे फार अवघड!

शंखाला चुना लागतो. विहिरीच्या जड पाण्यात तो असतोच. पावसाचे साठवलेले पाणी असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा तुकडा किंवा अंड्याचे धुतलेले टरफल टाकावे. पानाचा चुना मात्र टाकू नये, पाणी एकदम तीव्र होते.

त्या घरात आता दुसऱ्या घोसातली सत्तरेक पिल्ले वाटाण्याएवढी झाली आहेत. थोरल्या मुलीने नव्या बादलीवर रंगाने लिहिले आहे, 'औषधाची नाही'.

पुढचा प्रश्न, इतक्या गोगलगायींचे करायचे काय? नको असतील तर पुढचे घोस ताजे असतानाच काढून चिरडावेत. ओढ्यात, कालव्यात काहीही सोडू नये. याच कुळातली एक गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली, पुढे ती फिलिपीन्समध्ये पोचली आणि तिथे भाताची कोवळी रोपे फस्त करू लागली.