एकच औषध, दोन नावं

मे ते जुलैमध्ये स्टॅनमोरमध्ये गवताला फुलोरा येतो. त्याचे परागकण हवेत उडतात. मग काही मुलांना शिंका येतात, डोळे खाजतात. हाच 'हे-फीवर'.

समजा, तुमच्या लहान भावाला हा त्रास होतोय. आईने इथल्या फार्मसीतलं औषध दिलं. त्यावर लिहिलंय 'क्लोरफेनामिन'. तासाभराने आजीने पुण्याहून आणलेलं सर्दीचं सिरप काढलं. त्यावर लिहिलंय 'क्लोरफेनिरामिन'. नावं वेगळी दिसतात, पण औषध एकच आहे! दोन्ही दिली तर डोस दुप्पट होऊ शकतो. या औषधाने झोप येते. ते जास्त झालं तर धोका असतो.

मग काय करायचं? औषध मोठ्यांनीच द्यायचं, पण लेबल तुम्हीही वाचा. बाटलीवरचं मोठं नाव पुरेसं नाही. बारीक अक्षरात लिहिलेलं आतल्या औषधाचं नाव शोधा. वयाप्रमाणे डोस बघा. स्वयंपाकघरातला चमचा नको; औषधासोबत आलेल्या सिरिंजने किंवा मापाच्या चमच्याने मोजा. किती वाजता, किती दिलं, ते फ्रिजवर लिहून ठेवा. शंका आली तर फार्मासिस्टला विचारा किंवा 111 ला फोन करा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच 999!

आणि आजीने बाटली उघडली की म्हणा, "आजी, थांब. आधी लेबल वाचूया."