घाटात पुढे, समृद्धीवर मागे?

बुलढाणा जिल्ह्याचे भाग सांगताना इथला माणूस दिशांची नावं घेत नाही. तो ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ एवढंच म्हणतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही वाटणी ओलांडायची तर मलकापूरकडे राजूर घाट आणि खामगावकडे बोथ्याचा घाट उतरावा लागतो. त्यात 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाच्या अंगावरून ताशी 120 किलोमीटरची मुभा असलेला सरळसोट काँक्रीटचा रस्ता गेला. आता एकाच दिवशी एकाच चालकाला वळणंही घ्यावी लागतात आणि नाकासमोर तासन्‌तास गाडीही हाकावी लागते. यातून एक समजूत पक्की झाली आहे. घाटात सीट पुढे ओढून स्टीअरिंगला खेटून बसायचं, म्हणजे रस्ता नीट दिसतो आणि समृद्धीला लागलं की पाठ मागे पाडून निवांत व्हायचं, म्हणजे शीण येत नाही. ऐकायला ही वाटणी शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी ती चुकीची आहे, कारण सीट कुठे असावी हे रस्त्यावरून ठरत नाही. ते चालकाच्या पायांच्या, हातांच्या आणि धडाच्या लांबीवरून ठरतं. घाट उतरताना आपले पाय आखूड होत नाहीत आणि समृद्धीवर हात लांब होत नाहीत.

या समजुतीच्या मुळाशी आणखी एक समजूत आहे: आराम वेगळा आणि सुरक्षितता वेगळी, एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. ती रुजण्याचं कारण साधं आहे. सीट आरामदायी आहे की नाही हे आपण शोरूममध्ये किंवा घरासमोर, पहिल्या पाच मिनिटांत ठरवतो. पाच मिनिटांत सोफाही आरामदायी वाटतो आणि एसटी स्टँडवरचा बाकही चालून जातो. गाडीतला आराम दुसऱ्या तासाला कळतो. खांदे भरून आले का, मांडीखाली मुंग्या येतात का, मान पुढे काढावी लागते का, कमरेशी पोकळी राहून ती दुखते का, या प्रश्नांची उत्तरं तेव्हा मिळतात. आणि दुसऱ्या तासाला जी बसण्याची पद्धत टिकते, तीच अपघाताच्या अर्ध्या सेकंदात शरीराला सांभाळते. हा योगायोग नाही. दोन्ही ठिकाणी मागणी एकच असते: कंबर, पाठ आणि मांड्या यांना सीटचा पूर्ण आधार हवा आणि हातपायांना ताण न देता सगळं हाताशी, पायाशी हवं.

‘पाठ ताठ ठेवून बसावं’ हा शाळेच्या बाकापासून ऐकलेला उपदेश आधी तपासू. स्वीडनमध्ये आल्फ नॅकेमसन आणि गुन्नार अँडरसन यांनी 1960 आणि 1970 च्या दशकांत जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतीत बारीक सुई घालून तिथला दाब मोजला. त्यातून दिसलं की पाठीचा टेकू नव्वद अंशांवरून मागे झुकवत नेला की चकतीवरचा दाब कमी होतो आणि कमरेच्या खोलगट भागाला आधार दिला की आणखी उतरतो. अँडरसन यांनी मोटारीच्या चालकाच्या सीटवरही असंच मोजमाप केलं होतं. म्हणजे काटकोनात ताठ बसणं हा कंबरेला दिलेला सन्मान नाही, दिलेलं काम आहे. पाठीचे स्नायू ते काम थोडा वेळ करतात, मग सोडून देतात. तेव्हा माणूस पुढे वाकतो, ढेपाळतो आणि कंबर सीटपासून सुटते.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. मागे झुकल्याने दाब कमी होत असेल, तर समृद्धीवर पाठ पाडून बसणारा चूक कसा? हरकतीला आणखी बळ देणारा पुरावाही आहे. जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये एका स्वयंसेवकाच्या चकतीतला दाब वेगवेगळ्या हालचालींत मोजला, तेव्हा खुर्चीत पसरून, टेकून बसल्यावरचा दाब आधाराविना बसण्यापेक्षा आणि उभं राहण्यापेक्षाही कमी भरला. माणूस एकच होता, पण आकडे काळजीपूर्वक घेतलेले होते. मग सोफ्यासारखं बसायला काय हरकत? हरकत अशी की सोफ्यावरच्या माणसाला काही करायचं नसतं. चालकाला समोर बघायचं असतं, हात स्टीअरिंगवर ठेवायचे असतात, पाय पेडलवर. पाठ फार मागे गेली की डोळे छताकडे जातात. ते रस्त्यावर आणायला मान पुढे काढावी लागते. हात स्टीअरिंगपर्यंत पोचवायला खांदे टेकूपासून सुटतात. थोडक्यात, चकतीला मिळालेली सूट मान आणि खांदे भरून देतात. म्हणून टेकू काटकोनापेक्षा थोडाच मागे, साधारण शंभर ते एकशे दहा अंशांच्या आसपास ठेवलेला बरा. कंबरेला त्याचा फायदा मिळतो आणि मानेला दंड बसत नाही.

ही झाली आरामाची बाजू. सीटबेल्टचं गणित याहून कठोर आहे. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, तर कमरेच्या हाडांवर, मांड्यांच्या अगदी वर बसायला हवा. ती हाडं मजबूत असतात, पोटात आतडी, यकृत, प्लीहा असतात. चालक मागे रेलला की कमरेची हाडं मागच्या बाजूला कलतात, खांद्याचा पट्टा छातीपासून सुटतो आणि धडक बसली की शरीर बेल्टखालून पुढे सरकतं. पट्टा हाडांवरून निसटून पोटात रुततो. बेल्ट लावलेला असतो, एअरबॅगही उघडते, तरी इजा होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे. बेल्ट लावून उताणं बसल्यास मात्र कुणी अडवत नाही. रेललेल्या चालकाचं दुसरं नुकसान ब्रेकचं. जोरात ब्रेक दाबायचा तर पाठ टेकूला रेटून पायाने जोर लावावा लागतो. गुडघा सरळ झालेला असेल तर पेडल शेवटपर्यंत जात नाही. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीचं झालं, पण ते चाकं लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पेडल पूर्ण दाबणं हे चालकाच्या पायाचंच काम राहिलं. ताशी 120 च्या वेगाला गाडी एका सेकंदात 33 मीटर पुढे जाते. पाय नीट पोचायला लागलेला अर्धा सेकंद किती महाग पडतो, हे त्यावरून काढता येईल. धडकेच्या वेळी सरळ ताठरलेला पाय आघात थेट खुब्यापर्यंत नेतो, हेही खरं.

आता घाटाकडे वळू. पुढे सरकून बसणाऱ्याचं म्हणणं असतं की बॉनेटची कड दिसते, वळणाच्या आतली दरड दिसते. दिसण्याची त्याची गरज खरी आहे, उपाय चुकीचा आहे. नीट दिसण्यासाठी सीट पुढे घेऊन उपयोग नाही, ती वर घ्यावी लागते. डोळे समोरच्या काचेच्या मध्याच्या आसपास यावेत आणि डोकं व छत यांत निदान मूठभर जागा उरावी, हे सोपं माप आहे. डोळे वर आले की काचेच्या बाजूच्या खांबाआड काय दडलंय तेही डोकं थोडं हलवून बघता येतं. उलट छाती स्टीअरिंगजवळ नेली की कोपर पोटाला लागतात आणि राजूर घाटातल्या वळणावर स्टीअरिंग पूर्ण फिरवायला जागाच उरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट स्टीअरिंगच्या मधोमध घडी घालून ठेवलेली असते. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते आणि फुगताना पहिल्या काही इंचांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो. अमेरिकेत 1990 च्या दशकात कमी वेगाच्या अपघातांतही काही चालक एअरबॅगच्या आघाताने दगावले. त्यांत बेल्ट न लावलेले आणि स्टीअरिंगला खेटून बसणारे ठेंगणे चालक होते. त्यानंतर तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने माप दिलं: छातीचं हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत किमान 10 इंच, म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर अंतर. हात घड्याळाच्या दहा आणि दोनवर ठेवायची जुनी शिकवण मागे पडून नऊ आणि तीनची शिकवण आली, तीही याच कारणाने. एअरबॅग उघडताना वर असलेले हात तोंडावर फेकले जाऊ शकतात.

‘पण माझी उंची कमी, 25 सेंटिमीटर मागे गेले तर क्लच लागत नाही’ ही तक्रार खरी आहे आणि ती बहुतेक बायकांची असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाची 165 च्या. धडक चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला पुरुषाचा पुतळा मात्र सुमारे 175 सेंटिमीटर उंच आणि 78 किलो वजनाचा आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत तो घडला. लहान चणीच्या स्त्रीचा पुतळा नंतर आला. म्हणजे अनेक गाड्या मुळातच आपल्यापेक्षा उंच माणसाच्या मापाच्या आहेत, आणि त्याचा दोष चालकाच्या अंगावर घेण्याचं कारण नाही. मार्ग असा: सीट क्लच पूर्ण दाबता येईल इतकी पुढे, मग पाठीचा टेकू थोडा मागे, स्टीअरिंग खाली झुकवता येत असेल तर छातीकडे रोखलेलं, आणि सीट वर.  गाडी विकत घेताना रंग आणि मायलेजआधी सीटची उंची आणि स्टीअरिंग बदलतं का, हे घरातल्या सर्वांत ठेंगण्या चालकाला बसवून बघावं. हे कुणी करत नाही, ही इथल्या शोरूममधली मोठी चूक.

बाजारात मिळणाऱ्या आरामाच्या वस्तूंबद्दल फार बोलायला नको. हेडरेस्टला बांधायची मानेची उशी डोकं पुढे ढकलते आणि हेडरेस्टचं कामच बिघडवते. नावात ‘रेस्ट’ असलं तरी ती विश्रांतीसाठी नाही. मागून धडक बसली की डोकं मागे हिसडलं जाऊ नये म्हणून आहे. तिचा वरचा काठ डोक्याच्या टोकाइतका वर आणि मागचं अंतर चार बोटांच्या आत हवं. ती मानेच्या खाली उतरवून ठेवली तर हिसडा वाढतोच. मऊ, जाड गादी बसायला छान लागते, पण धडकेत ती दबते आणि शरीर बेल्टखाली सरकायला वाट मोकळी करते. कमरेत पोकळी असेल तर टॉवेलची पातळ गुंडाळी पुरते. सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल शिवलेलं असेल तर तिथे झाकणारं कव्हर नको. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवावं. कंबर एका बाजूला कलल्याने पायात येणारी कळ हा जुना, डॉक्टरांना ठाऊक असलेला विकार आहे.

शेवटची हरकत नेहमी येते: आमची गाडी जुनी आहे, टेकू आणि पुढे-मागे सरकणं सोडून काही बदलत नाही. तरीही निम्म्याहून अधिक काम त्या दोन गोष्टींनी होतं. उरलेल्या कामाला कडक, न घसरणारी पातळ बैठक चालेल. मात्र नीट बसल्याने सगळं सुटतं, असाही गैरसमज नको. खराब रस्त्यावर बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या हेलकाव्यांना सर्वांत जास्त साथ देतो. ती झीज चांगली सीट कमी करते, थांबवत नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले, त्यानंतर टायर, वेग आणि चालकाची झोप यांवर बोललं गेलं, ते योग्यच होतं. सीट कितीही जमली तरी झोपेला ती उत्तर नाही. दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणं आणि डोळे जड झाले की गाडी सुरक्षित जागी थांबवणं, याला पर्याय नाही.

क्रम असा ठेवा. आधी कंबर टेकूपर्यंत मागे सरकवून बसा. क्लच पूर्ण दाबा, तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट सरकवा. मग उंची. मग टेकू: पाठ टेकलेली असताना हात सरळ केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या काठावर टेकलं पाहिजे. मग हेडरेस्ट, बेल्ट आणि सर्वांत शेवटी आरसे. हे सगळं गाडी उभी असतानाच करा. चालत्या गाडीत सीटचा खटका ओढला आणि सीट सटकन मागे गेली, तर पाय ब्रेकवरून सुटतो.