भेग भिंतीवर, दुखणे पायाखाली

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची प्रथा व्यापारी कुटुंबांत आजही निष्ठेने पाळली जाते. रंगारी येतो, भिंतीवरील भेगा खरवडतो, त्यांत लांबी भरतो आणि दोन हात रंग देऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग त्याच जागी, किंचित अधिक रुंद होऊन पुन्हा प्रकट होते. असे तीन-चार वर्षे चालले की घरातील मंडळींना तिची सवय होते. एरवी पै-पैचा मेळ घालणाऱ्या घरांतही या एका बाबतीत ताळेबंदात न जुळणारी रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात टाकावी, तसा व्यवहार होतो. फरक दिसेनासा होतो, पण मिटत नाही.

घराच्या पायाला गेलेल्या तड्यांची दुरुस्ती हे आज एक स्वतंत्र शास्त्र आहे. आधी निदान, मग पाण्याचा बंदोबस्त आणि शेवटी प्रत्यक्ष दुरुस्ती, असा त्याचा क्रम आहे. हा क्रम उलटला की पैसा दोनदा खर्च होतो आणि घर होते तिथेच राहते.

काळ्या मातीचा स्वभाव

सोलापूर, बार्शी, लातूर, जळगाव, अकोला या बाजारपेठा ज्या पट्ट्यात वसल्या, तेथील काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कापसाला आणि ज्वारीला वरदान ठरलेली ही माती पायाला मात्र स्वस्थ बसू देत नाही. पावसाळ्यात ती पायाला वर रेटते आणि उन्हाळ्यात त्याचा आधार काढून घेते. ही हालचाल सर्वत्र सारखी होत नाही, म्हणून भिंत फाटते.

दिवाळीच्या सुमारास जमिनीत पावसाळ्याची ओल बरीच शिल्लक असते. माती फुगलेली असल्याने अनेक भेगा तेव्हा मिटलेल्या वा अरुंद असतात. त्याच वेळी त्या बुजवल्या जातात आणि चैत्र-वैशाखात पुन्हा उघडतात. यात दोष रंगाऱ्याचा नसून पायाखालच्या मातीचा असतो.

भेगेची भाषा

प्रत्येक भेग पायाचीच असते असे नाही. गिलावा सुकताना पडणारी केसासारखी रेषा निरुपद्रवी असते. भारतीय मानक संस्थेने १९८४ मध्ये इमारतींतील भेगांवर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात १ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, १ ते २ मिलिमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती रुंद, अशी विभागणी आहे. मात्र रुंदीपेक्षाही भेगेची दिशा आणि तिची वाढ महत्त्वाची असते. खिडकीच्या वा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, चौकटीत अडकू लागलेले दार आणि एका बाजूला उतरलेली फरशी ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर संशय पायावर घ्यावा. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा कोपरा खचत असतो. खाली रुंद असेल तर मधला भाग बसत असण्याची शक्यता अधिक.

भेग ‘जिवंत’ आहे की थांबलेली, हे ओळखण्याचा जुना उपाय आजही वापरात आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहितात. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. काळ्या मातीत ही नोंद एक पावसाळा आणि एक उन्हाळा मिळून वर्षभर ठेवणे उत्तम. मात्र भेग झपाट्याने वाढत असेल, भिंत कलली असेल किंवा तुळईचा टेकू सुटू लागला असेल, तर वर्षभर वाट पाहू नये. जागा रिकामी करून त्याच दिवशी अभियंत्यास बोलवावे.

निदानाची फी

व्यापारी मनाला सर्वांत जड जाणारा खर्च म्हणजे सल्ल्याची फी. गवंडी फुकट पाहून जातो, मग संरचना अभियंत्याला पैसे कशाला, असा प्रश्न हमखास निघतो. पण जो दुरुस्ती विकतो त्यानेच रोग ठरवला, तर त्याच्याकडे जे औषध असेल तेच लिहून दिले जाते. म्हणून तपासणारा आणि काम करणारा हे दोघे वेगळे असावेत आणि तपासणाऱ्याची फी घरमालकाने स्वतः द्यावी.

अभियंता पायालगत चाचणी-खड्डे घेऊन पायाची खोली पाहतो आणि मुरूम वा कातळ किती खाली लागतो ते तपासतो. मातीचा फुगवटा मोजण्याची एक चाचणी तर कोणालाही समजेल इतकी सोपी आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन नमुने दोन मोजनळ्यांत घेतात. एका नळीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतून किमान २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही नळ्यांतील फरक पाहिला की जमिनीचा स्वभाव कळतो.

आधी पाणी

घराच्या पायाचा त्रास पुष्कळदा पाण्यापासून सुरू होतो. जोत्याशीच पडणारी छपराची पन्हळ, मोरीची फुटलेली नळी, झिरपणारी सेप्टिक टाकी किंवा भिंतीलगत साचणारे पावसाचे पाणी यांमुळे एका कोपऱ्याखालची माती सतत ओली राहते आणि दुसऱ्याखालची कोरडी. गळती बंद करणे, पन्हळीचे पाणी नळीने दूर नेणे आणि जोत्याभोवती सुमारे दोन मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार असलेला पक्का पट्टा करणे ही कामे तुलनेने स्वस्त आहेत. भिंतीलगतचे मोठे झाडही उन्हाळ्यात मातीतील ओल ओढून घेते. मात्र ते एकाएकी तोडले तर माती पुन्हा फुगून नवीच अडचण उभी राहू शकते, म्हणून तेथेही सल्ला घ्यावाच.

ज्यांचे दुकान खाली आणि घर वर आहे त्यांनी मालाचे वजनही पाहावे. साखरेच्या वा धान्याच्या गोण्यांची थप्पी वर्षानुवर्षे एकाच भिंतीशी लागत असेल, तर तो भार शेवटी त्या बाजूच्या जमिनीवरच पडतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर भेग स्थिर झाली, तर काम सोपे होते. दगड-विटांच्या भिंतीत भेगेच्या आरपार पोलादी सळ्या बसवून तिला टाके घालतात आणि सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात. काँक्रीटमधील भेगेत इपॉक्सी राळ खालून वर या क्रमाने भरली जाते. हलत्या भेगेत ही राळ भरली, तर शेजारीच नवी भेग पडते.

पाया खरोखर खचत असेल, तर त्याला खालच्या टणक थरापर्यंत न्यावे लागते. यास ‘अंडरपिनिंग’ म्हणतात. भिंतीला टेकू देऊन तिच्या लांबीचे एक ते दीड मीटरचे भाग पाडतात. एका भागाखाली खड्डा घेऊन काँक्रीट भरतात. ते कठीण झाल्यावर जुन्या पायाखाली उरलेल्या फटीत घट्ट मसाला ठोकून बसवतात आणि मगच पुढचा भाग उघडतात. लगतचे दोन खड्डे एकाच वेळी कधीही उघडत नाहीत. थर फार खोल असेल, तर बारीक खुंट-पाये घालून त्यांवर भिंतीचा भार घेतात. तळाशी फुगीर असलेले असे खुंट रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केले. भारतीय मानकानुसार खोल काळ्या मातीत त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर लागते.

या पद्धतीचे सामर्थ्य इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथेड्रलने दाखवून दिले. मऊ, पाणथळ जमिनीमुळे ही प्राचीन वास्तू खचू लागली होती. पाणी उपसले तर भिंती अधिक खचण्याचा धोका होता. तेव्हा विल्यम वॉकर या पाणबुड्याने १९०६ ते १९११ या काळात पाण्याखालच्या अंधारात केवळ हातांनी चाचपडत, एकेक खड्डा करून काँक्रीटच्या गोण्या रचल्या. त्यांचा थर बसल्यावरच पाणी उपसून गवंड्यांनी वरचे बांधकाम केले. कामाला पाच वर्षे लागली, पण वास्तू आजही उभी आहे. एका वेळी एकच खड्डा हा नियम तेथेही पाळला गेला.

करार, विमा आणि वाटणी

कामाचा करार लेखी असावा. खड्ड्यांची संख्या, खोली आणि अपेक्षित थर न लागल्यास वाढीव खोलीचा दर त्यात स्पष्ट लिहावा. पैसे टप्प्यांनी द्यावेत. झाकले जाणारे प्रत्येक काम बुजवण्यापूर्वी मोजून त्याचे छायाचित्र ठेवावे आणि काही रक्कम पुढचा पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी.

विम्यावर विसंबण्यापूर्वी पॉलिसी वाचावी. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत जमीन खचण्याचा धोका समाविष्ट आहे. परंतु नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडकणे, भरावाच्या जमिनीची हालचाल आणि सदोष बांधकाम यांना ती लागू नाही. रेरा कायद्याखालील नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. म्हणून तक्रार लेखी व तारखेसह करावी. महाराष्ट्रातील महानगरपालिका क्षेत्रांत ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करणे कायद्यानेच आवश्यक आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न भावाभावांतील वाटणीचा असतो. खालचे दुकान थोरल्याकडे आणि वरचा मजला धाकट्याकडे अशी वाटणी झालेली असते. कोपरा खचला की भेग वर अधिक रुंद दिसते आणि खाली जेमतेम जाणवते. वरचा म्हणतो घर फाटले, खालचा म्हणतो माझ्याकडे तर काही नाही. खर्च कोणी करायचा या वादात दोन-तीन पावसाळे जातात, आणि जे काम चार खड्ड्यांत भागले असते ते संपूर्ण भिंतीवर जाते. वाटणीपत्रात खोल्या, गाळे, जिना, गच्ची यांचा उल्लेख असतो, पायाचा सहसा नसतो. पाया कोणा एकाच्या वाट्याला आलेला नसतो, तो सर्वांचा असतो. त्याच्या खर्चाची विभागणी क्षेत्रफळाच्या प्रमाणात करण्याचे कलम वाटणीपत्रात आधीच लिहिलेले असेल, तर भेग भिंतीपुरतीच राहते.