डोकी वाढली, खुर्च्या नाहीत

अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) लोकसंख्या ६.२ कोटी भरली. तेव्हापासून 'आता यांचंच राज्य येणार' असं तिथं बोललं जातं, कुणी आशेनं, कुणी धास्तीनं. दोघांचंही गणित कच्चं आहे.

गैरसमज : जितकी डोकी, तितकी मतं.
त्या ६.२ कोटींपैकी २०२० मध्ये मतदानाचा हक्क होता सुमारे ३.२ कोटींना. उरलेले अठरा वर्षांखालचे, नाहीतर नागरिकत्व न मिळालेले. हक्क असलेल्यांपैकीही जेमतेम ५४ टक्के मतदानाला गेले. गोऱ्यांमध्ये हा आकडा ७१ टक्के होता.

गैरसमज : सगळे मतदानाला गेले की आपला माणूस निवडून येतोच.
'हे लोक उदासीन आहेत' या टोमण्याच्या मुळाशी हाच समज आहे. त्यावरचं उत्तर वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा शहरात सापडतं. आपल्या फळबाजारात 'वॉशिंग्टन ॲपल' म्हणून येणारी सफरचंदं याच परिसरात पिकतात, आणि ती तोडणारे मजूर प्रामुख्यानं लॅटिनो आहेत. शहराच्या लोकसंख्येत लॅटिनो ४१ टक्के होते. नगर परिषदेच्या जागा सात, तरी तिथल्या जुन्या निवडणूक पद्धतीच्या ३७ वर्षांत निवडून आलेला लॅटिनो एकही नाही. कारण अंतिम फेरीत प्रत्येक जागेसाठी सगळं शहर मतदान करायचं. बहुसंख्य गट एका जागेवर जिंकला की त्याच मतांवर साती जागा त्याच्या. आपल्याकडे चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड या चारही जागांवर एकच पॅनेल निवडून येतं, तोच हा प्रकार. तिथं मात्र संपूर्ण शहर हाच एक प्रभाग.

२०१४ मध्ये संघराज्य न्यायालयानं ही पद्धत १९६५च्या मतदान हक्क कायद्याविरुद्ध ठरवली आणि पुढं सात स्वतंत्र वॉर्ड पाडायला लावले. नोव्हेंबर २०१५ मध्ये तीन लॅटिनो सदस्य निवडून आले, तिन्ही महिला. वर्षभरात लोकसंख्या थोडीच बदलली होती!

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोनं हा धडा १९७७ मध्येच गिरवला होता. वॉर्ड पडले आणि पहिल्याच निवडणुकीत अकरापैकी सहा जागा मेक्सिकन-अमेरिकन व कृष्णवर्णीयांकडे गेल्या. अर्थात नुसते वॉर्ड पाडून भागत नाही. कार्यकर्ते विली वेलास्केझ यांनी १९७४ पासून तिथं मतदार नोंदणीची मोहीम चालवली होती. नोंदणी आणि कोर्टकचेरी, दोन्ही लागतं.

गैरसमज : ज्यांच्यामुळे जागा वाढल्या, त्यांच्याच वाट्याला त्या येतात.
टेक्सासची लोकसंख्या २०१० ते २०२० मध्ये सुमारे ४० लाखांनी वाढली. त्यातली ९५ टक्के वाढ बिगरगोऱ्यांची, निम्मी एकट्या लॅटिनोंची. जागांच्या वाटपात मुलं आणि नागरिक नसलेलेही मोजले जातात, त्यामुळे राज्याला संसदेच्या दोन जागा जास्त मिळाल्या. पण सीमा आखतं राज्याचं विधिमंडळ, म्हणजे तिथं ज्यांचं बहुमत ते. २०२१च्या नकाशात दोन्ही नव्या मतदारसंघांतल्या मतदारांमध्ये गोरेच बहुसंख्य निघाले. हे करायच्या युक्त्या जुन्याच आहेत : एखादी वस्ती चार मतदारसंघांत फोडून टाकायची, नाहीतर सगळी एकाच मतदारसंघात कोंबायची, म्हणजे तिथं ऐंशी टक्क्यांनी जिंका आणि शेजारी सगळीकडे हरा. आपले लोक एकगठ्ठा राहिले की ताकद वाढते, असं मानणाऱ्यांनी ही दुसरी युक्ती जास्त ध्यानात ठेवावी.

गैरसमज : लॅटिनो मत डेमोक्रॅटिक पक्षाच्या खिशात.
टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळपास पूर्ण लॅटिनो आहे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथं ७९ टक्के मतं मिळाली. २०२४ मध्ये तिथं डोनाल्ड ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर रिपब्लिकन उमेदवाराला ती काउंटी पहिल्यांदाच मिळाली.