लोणारचें सरोवर आणि त्याच्या कांठचीं देवळें

देवदर्शनास निघतांना आपल्या घरांत पहिला विचार मुहूर्ताचा होतो, दुसरा फराळाच्या डब्यांचा. स्थळाची माहिती बहुधा परत आल्यावर विचारली जाते. लोणारास जाणारांनीं हा क्रम बदलावा, कारण तेथील देवळें तेथील पाण्यावांचून नीट समजत नाहींत.

यवतमाळहून दारव्हा, मंगरूळपीर, वाशीम, रिसोड या वाटेनें आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. बुलढाणा जिल्ह्यांतील या गांवाच्या कडेशीं जमीन एकाएकीं संपते आणि सुमारें १.८ किलोमीटर व्यासाची वर्तुळाकार दरी समोर येते. तिच्या तळाशीं, कांठापासून सुमारें १३७ मीटर खालीं, हिरवट सरोवर आहे. हें ज्वालामुखीचें मुख असावें असा पूर्वी तर्क होता; परंतु येथील काळ्या खडकांत प्रचंड आघाताचीं चिन्हें सांपडलीं, आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उल्कापाताचें मत दृढ केलें. काळाविषयीं मात्र मतभेद आहे. एका मापनानें सुमारें ५२,००० वर्षें येतात, तर दुसऱ्यानें सुमारें ५,७०,०००!

सरोवरांत पाणी येतें, पण बाहेर जाण्यास वाट नाहीं. ऊन पाणी नेतें व क्षार मागें ठेवतें. म्हणून हें पाणी खारें. विष्णूनें लवणासुरास येथें मारिलें या कथेंतही लवण आहेच. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ त्याच विष्णूचें. त्याची तारकाकृति बांधणी व भिंतींवरील शिल्पें निवांतपणें पाहावीं. कांठावर गोमुखांतून बारमहा गोडें पाणी वाहतें, तीच प्रसिद्ध धार. देवळें तिच्या भोंवतीं उभीं आहेत. खालीं पाण्याजवळ कमळजादेवी आहे. तिच्या जवळच्या सासू-सुनेच्या विहिरींत एका बाजूस गोडें व दुसऱ्या बाजूस खारें पाणी लागतें असें सांगतात. गोडें कोणाचें, हा वाद आमच्या मंडळींत परतीच्या वाटेवरही मिटला नाहीं!

विनोद बाजूस ठेवून एक गोष्ट सांगावयाची आहे. खाऱ्या पाण्यांतच जगणारे सूक्ष्म जीव हें या सरोवराचें खरें वैभव. २०२० च्या जूनमध्यें त्यांच्यामुळेंच सारें पाणी गुलाबी झालें होतें. त्याच वर्षीं हें सरोवर रामसर पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादींत आलें. बाहेरचें गोडें पाणी व सांडपाणी आंत वाढलें, तर खारेपणा विरळ होऊन ही जीवसृष्टि नाहींशी होईल. मोठी व्यवस्था सरकारनें पाहावी. परंतु निर्माल्य पाण्यांत न सोडणें आणि धारेवर साबण न लावणें एवढें तर प्रत्येक गृहिणीच्या व गृहस्थाच्या हातचें आहे.

उतरण्याची वाट दमविणारी आहे. वृद्धांनीं धार व दैत्यसूदन पाहून वरच थांबावें. तरुणांनीं सकाळीं लवकर उतरावें, आणि फराळाचे रिकामे डबे कचरा भरून वर आणावे. देवीस तोही नैवेद्य मान्य होईल.