फीची पावती आणि लाखाची अट

खासगी शाळेची फी भरणाऱ्या पालकाला सरकारने हातभार लावावा का, यावर आपल्याकडे मोकळी चर्चा कधी झालीच नाही. निर्णय मात्र 2003 च्या अर्थसंकल्पातच झाला. तेव्हाचे अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी दोन मुलांची प्रत्येकी 12,000 रुपयांपर्यंतची फी आयकराच्या कलम 88 मध्ये बसवली. तिचा ठरावीक हिस्सा थेट करातून वजा व्हायचा. दोन वर्षांनी 80सी आलं. सवलत आता उत्पन्नातून मिळू लागली आणि सगळी बचत धरून मर्यादा एक लाख ठरली. 2014 मध्ये ती दीड लाख झाली.

तेव्हापासून नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयांत वर्षअखेरीस पावत्यांची जुळवाजुळव ठरलेली. पावतीचा आकडा कितीही मोठा असो, धरायची फक्त ‘ट्यूशन फी’ची ओळ, विकास निधी, देणगी, बसभाडं बाद. त्यातही पीएफ, विमा आणि घरकर्जाचं मुद्दल यांनीच अनेकांचा दीड लाख भरायचा. ज्याला करच लागत नाही, त्या रिक्षावाल्याच्या हाती तर छदामही आला नाही. माझ्या मते या सवलतीचा खरा दोष हाच. 2020 च्या नव्या करप्रणालीत 80सी नाही. तिकडे वळलेल्यांची ही सवलत गाजावाजा न होता गेली.

रिक्षावाल्यासाठी वाट होती ती आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची. खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागा, फीची प्रतिपूर्ती सरकारकडून. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ही तरतूद उचलून धरली. पुढे प्रतिपूर्ती थकत गेली आणि शाळांची कुरकुर वाढली. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांतून सूट. दाट वस्तीच्या नागपुरात मग उरणार होत्या किती शाळा? मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे ला स्थगिती दिली, 19 जुलैला बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तोवर विदर्भातल्या शाळा सुरू झाल्या होत्या आणि प्रवेशाची वाट पाहणारी अनेक मुलं घरीच होती.

आज नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. आरटीईतल्या दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची अट मात्र अजून वर्षाला एक लाखाचीच आहे. महिन्याला साडेआठ हजार कमावणारं घरही तिच्या बाहेर पडतं. आधी वाढवायला हवी ती ही मर्यादा.